१४ जुलैसाठी ‘फ्रेंच हाय फॅशन’ शिवायची ऑर्डर घेतलीय. नक्की काय शिवू?

काजबटण, नौपाडा:

नमस्कार मंडळी.

नौपाड्यात माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे मशीनं, वर पोटमाळ्यावर आरीकामाचा, म्हणजे आकड्याच्या सुईने करायच्या भरतकामाचा, अड्डा. लग्नसराईत जेवायला फुरसत नसते आणि जून लागला की माश्या मारायची वेळ येते. अशा दिवसांत दारात आलेल्या ऑर्डरला नाही म्हणवत नाही.

आमच्याच गल्लीत फ्रेंच भाषेचा एक खासगी क्लास चालतो. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, म्हणून तलावपाळीजवळ छोटा हॉल घेऊन त्यांचा कार्यक्रम आहे. गाणी, कविता, नाटुकलं आणि शेवटी रॅम्प वॉक. त्याचा विषय ‘फ्रान्सचे उत्सव आणि हाय फॅशन’. एवढं सांगून क्लासच्या मॅडम मोकळ्या झाल्या. चार मुली मोबाइलात फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. पहिलीला आयफेल टॉवर छापलेला स्कर्ट हवाय. दुसरीला तिरपी टोपी आणि गळ्यात लांब पावांची माळ (शपथेवर सांगते). तिसरीला राणीसारखा घेर हवाय, ज्याच्या नुसत्या अस्तरात तिचं बजेट संपेल. चौथीला तीन थरांचा गाऊन, वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. बजेट प्रत्येकी चार हजार, कापड आणि शिलाई धरून. त्यातही एकीच्या आईने जाता जाता विचारलंच, “ताई, जरा कमी नाही का होणार?”

माझा समज असा की १४ जुलै म्हणजे त्यांचा पाडवा असणार. आपल्याकडे स्वागतयात्रेला कशा नऊवारी, नथ, फेटे, बुलेटवर बायका निघतात, तशा तिकडच्या बायका नटूनथटून निघत असतील, आणि डिओर, शानेल ही मोठी घराणी त्या दिवसासाठी खास काही काढत असतील. यूट्यूबवर बघितलं तर नुसते रणगाडे आणि घोडे. बायका कठड्यामागे उभ्या, टीशर्टात. मग फॅशन गेली कुठे?

दुसरं म्हणजे, हाय फॅशन म्हणजे फक्त महागडे कपडे, की त्याला काही नियम आहेत? प्रत्येक मुलगी आली की निवेदिका तिच्या कपड्याबद्दल दोन वाक्यं बोलणार आहे आणि ती मीच लिहून द्यायची आहेत. तिथे काहीतरी ठोकून दिलेलं मला आवडणार नाही. गुगल कर असं कृपया कोणी सांगू नका, करून झालंय.

आगाऊ_कार्टं:

पावांची माळ रद्द करू नका. रॅम्प वॉक संपला की मिसळीबरोबर कामी येईल.

घोडबंदरकर:

काजबटण ताई, कंपनीच्या कामासाठी पॅरिसच्या उपनगरात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा चार शब्द अधिकाराने लिहितो. (सौ. म्हणतेय, चारच लिहा.)

१४ जुलै १७८९ ला पॅरिसकरांनी बास्तीचा तुरुंग फोडला, हे आपण शाळेत घोकलंय. पण पुढच्याच वर्षी, १४ जुलै १७९० ला, शां द मार्स मैदानावर सगळ्या प्रांतांच्या एकजुटीचा प्रचंड सोहळा झाला आणि राजाने तिथे राज्यघटनेची शपथ घेतली. राष्ट्रीय दिवसाचा कायदा झाला १८८० मध्ये आणि त्यात नुसतं ‘१४ जुलै’ लिहिलंय, साल घातलेलं नाही. ज्याला तुरुंग फोडल्याचा अभिमान त्याने ते धरावं, ज्याला रक्तपात नको त्याने सोहळा धरावा. राजकारणी सगळीकडे सारखेच चतुर.

पाडवा मात्र डोक्यातून काढा. सकाळ अगदी आपल्या २६ जानेवारीची. शाँझेलिझे या पॅरिसच्या मोठ्या रस्त्यावर संचलन, वर नऊ विमानं निळा-पांढरा-लाल धूर सोडत जातात. आणि तुम्ही रणगाडे बघत बसलात म्हणून, नाहीतर कपडे त्यातच आहेत! पॉलिटेक्निक या तिकडच्या लष्करी इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं-मुली काळ्या गणवेशात, डोक्यावर दोन टोकांची टोपी, कमरेला तलवार. पायी चालणाऱ्यांत सगळ्यात शेवटी परदेशी स्वयंसैनिकांची पलटण येते, तिच्या बिनीचे जवान छातीपर्यंत दाढी, अंगावर चामड्याचा एप्रन आणि खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. बाकीचे मिनिटाला १२० पावलं टाकतात, हे ८८. त्या संथ चालीपुढे कुठलाही रॅम्प वॉक फिका आहे.

विषय निघालाच आहे तर सांगतो, २००९ ला डॉ. मनमोहन सिंग प्रमुख पाहुणे होते तेव्हा भारतीय तुकड्यांच्या पुढे आपली मराठा लाइट इन्फन्ट्री चालली होती. शाँझेलिझेवर! २०२३ ला पंजाब रेजिमेंट होती, तीही छानच, पण माझं आपलं सांगून ठेवलं.

रात्री चित्र बदलतं. १३ आणि १४ ला फायर ब्रिगेडवाले आपल्या केंद्राची दारं उघडतात आणि अख्खी वस्ती आत नाचायला. कपडे म्हणाल तर जीन्स, सुती फ्रॉक, कॅनव्हासचे बूट. घामाने निथळत नाचायचं तिथे डिओर घालून कोण जाईल? बड्या फॅशन घराण्यांचा आठवडा जुलैच्या सुरुवातीलाच उरकलेला असतो. १४ उलटली की पॅरिस सुट्टीला लागतं, ऑगस्टात तर आमच्या कोपऱ्यावरचा पाववालासुद्धा पाटी लावून गावाला जायचा.

एकदा मात्र दोन्ही अगदी जवळ आलेलं मी बघितलंय. १२ जुलै १९९८, विश्वचषकाचा अंतिम सामना, फ्रान्स विरुद्ध ब्राझील. सामन्याआधी मैदानाच्या हिरवळीवर ईव्ह सां लोराँ या फ्रेंच डिझायनरचे कपडे घालून ३०० मॉडेल उतरल्या. टीव्हीसमोर आमचे फ्रेंच शेजारी बीअर धरून बसलेले, एरवी फॅशन म्हटलं की नाक मुरडणारे. कोणी चॅनल बदललं नाही. मग ३-० ने जिंकले आणि १४ जुलै दोन दिवस आधीच साजरा झाला.

खारघर_मास्तरीण:

ड्रेपिंग शिकवते, त्यामुळे कामाचंच बोलते.

पहिलं, तो तीन थरांचा गाऊन शिवू नका. लाल, पांढरा, निळा असे आडवे पट्टे वरून खाली म्हणजे नेदरलँड्सचा झेंडा. फ्रान्सचे पट्टे उभे आणि काठीकडचा निळा. मुलगी स्टेजवर येऊन ‘व्हिव्ह ला फ्रान्स’ म्हणेल आणि अंगावर भलताच देश असेल.

त्या मुलीला त्याऐवजी १९८९ द्या. राज्यक्रांतीची द्विशताब्दी होती. १४ जुलैच्या रात्री शाँझेलिझेवर जाँ-पॉल गूद या कलादिग्दर्शकाने बसवलेली भव्य मिरवणूक निघाली आणि प्लास द ला काँकॉर्ड या चौकात जेसी नॉर्मन या अमेरिकन ऑपेरा गायिकेने फ्रान्सचं राष्ट्रगीत गायलं. अंगावर तिरंगी झेंड्याचाच प्रचंड पोशाख, मागे लांबलचक घोळ. तो केला होता अझ्झेदिन अलायाने, जो ट्यूनिसमध्ये जन्मलेला. फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या राष्ट्रीय रात्री मध्यभागी उभी राहिली ती कृष्णवर्णीय अमेरिकन बाई आणि तिला सजवलं ट्यूनिशियातून आलेल्या शिवणकाऱ्याने. काजबटण, ‘फॅशन गेली कुठे’ या तुमच्या प्रश्नाला मी तरी हेच उत्तर देईन. रोजच्या १४ जुलैला ती नसते. पण देशाला स्वतःचा चेहरा जगाला दाखवायचा असतो तेव्हा हमखास शिंप्याला बोलावणं जातं. २०२४ च्या ऑलिंपिक उद्घाटनाला ग्रां पॅलेच्या छतावरून आक्सेल सां-सिरेलने राष्ट्रगीत गायलं, तेही डिओरच्या पोशाखात. मुलींना दोन्ही व्हिडिओ दाखवा, फोटोंवरून पडण कळत नाही.

आता कापड. पॉलिएस्टर जॉर्जेट, ४४ पन्ह्याचं, प्रत्येक रंग चार मीटर. तिन्ही पाट उभे जोडा, जोड फ्रेंच सीमने, कडेला पिको. पट्टे समान ठेवू नका. फ्रान्सच्या नौदलाच्या झेंड्यात निळा ३०, पांढरा ३३, लाल ३७ असं प्रमाण असतं, कारण वाऱ्यावर फडकताना काठीपासून लांबचा पट्टा डोळ्याला बारीक भासतो. मागे घोळ सोडलेल्या कापडालाही हेच लागू होतं. तुमचा पन्हा धरून लाल पूर्ण ४४ इंच, पांढरा ३९, निळा ३६ करा. घोळ पाठीवरून जाणार, म्हणजे मुलगी परत वळल्यावर प्रेक्षकांना तो दिसणार. तेव्हा त्यांच्या डावीकडे निळा दिसला पाहिजे, म्हणून निळा तिच्या डाव्या खांद्यावर. आत साधा पांढरा सरळ गाऊन.

निळा कुठला घ्यायचा, हा प्रश्न दुकानदार विचारेलच. १९७६ पासून सरकारी झेंड्यातला निळा उजळ केला होता, २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादावर पुन्हा जुना गडद आला. तुम्ही नेव्ही घ्या. छोट्या हॉलच्या एलईडी दिव्यांत रॉयल ब्लू जांभळट मारतो.

नियमांचं विचारलंत. ओत कुत्यूर, म्हणजे तुमची ‘हाय फॅशन’, हे नाव फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याने राखलेलं आहे. दरवर्षी अधिकृत यादी ठरते. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा हवी, ठरावीक संख्येने पगारी कारागीर हवेत, कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने ट्रायल घेऊन शिवायचा आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, संग्रह दाखवायचा. आणि ही पद्धत सुरू केली कोणी, तर चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रजाने, १८५८ मध्ये पॅरिसात दुकान थाटून. मुद्द्याचं असं, की आधी मांजरपाटात कच्चा कपडा शिवून अंगावर घालून बघायचा आणि मग खऱ्या कापडाला कात्री लावायची, हे तिथलं रोजचं काम. ते तुम्ही करत असणारच.

नियमावर_बोट:

राष्ट्रध्वजाचा गाऊन करून जमिनीवर फरफटवणार? हा अवमान नाही का? आपल्याकडे कमरेखाली तिरंगा नेसला तर गुन्हा आहे.

खारघर_मास्तरीण:

आपल्याकडे आहेच, १९७१ च्या कायद्याने, आणि तो आपल्या तिरंग्याबद्दल आहे. फ्रान्सचा हा पोशाख खुद्द सरकारी सोहळ्यात, राष्ट्राध्यक्ष आणि परदेशी पाहुण्यांसमोर वापरला गेला. तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे. ठाण्यात, पावसाळ्यात, शिवायच्या बाईला पुढे वादावादी नको असेल तर घोळ घोट्यापर्यंत ठेवा. तसंही जुलैत लांब घोळ नेसून हॉलच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे खाली चिखल पुसत जाणार.

काजबटण:

मास्तरीणबाई, मांजरपाटाची ट्रायल मी फक्त नवरीच्या ब्लाउजला घेते, खोटं कशाला सांगू. बाकीच्यांना एक इंच माया सोडून थेट कात्री. पण या चौघींना घेईन.

नेदरलँड्सचं ऐकून चौथी मुलगी आधी रुसली, मग व्हिडिओ बघितला आणि आता तिला दुसरं काहीच नकोय. तिची आई म्हणाली “डोक्यावरून पदर आहे, बरं आहे.” असो.

राणीवाली अजून अडून बसलीय. तिला कसं समजवू? आणि माझ्या पोटमाळ्यावर आरीचे कारागीर चाचा रिकामे बसलेत, त्यांच्याकडून काही करून घेता आलं तर बरं. पॅरिसच्या कपड्यावर आरीकाम चालतं का, की ते फारच देशी दिसेल?

खारघर_मास्तरीण:

राणीला स्वस्तात पटवता येईल. १७८३ च्या चित्रप्रदर्शनात व्हिजे-लब्राँ या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं चित्र मांडलं. राणी साध्या पांढऱ्या मलमलच्या झग्यात, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी. लोक खवळले, की राणी काय आतल्या कपड्यांत चित्र काढून घेते! चित्र उतरवावं लागलं आणि त्या जागी रेशमी पोशाखातलं दुसरं लावलं. पुढे क्रांतीच्या सोहळ्यांत बायका पांढरे झगे आणि तिरंगी पट्टे बांधून यायला लागल्या. राणीने आणलेली फॅशन राणीच्या विरोधकांनी उचलली. तिच्यासाठी सात मीटर मलमल, गळ्याला आणि दंडाला चुण्या, नाडी, कमरेला सॅटिनचा पट्टा. हजाराच्या आत कापड.

खांद्याला तिरंगी रिबिनीची चुणीदार गोल फीत लावा. मध्यभागी निळा, मग पांढरा, कडेला लाल. उलटं केलंत तर इंग्रजांच्या विमानावरचं चिन्ह होईल. १७९३ च्या सप्टेंबरात कायदा झाला की प्रत्येक बाईने ही फीत लावलीच पाहिजे आणि बाजारात त्यावरून बायकांच्या झिंज्या ओढायच्या मारामाऱ्या झाल्या. ऑक्टोबर संपायच्या आत सरकारने जाहीर केलं की ज्याला जे घालायचं ते घालू द्या.

पण पुरुषी कपडे घालायची सूट त्यात नव्हती बरं का. १८०० मध्ये पॅरिस पोलिसांनी हुकूम काढला, बाईला पॅन्ट घालायची असेल तर परवानगी घ्या. तो कागदोपत्री रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं २०१३ मध्ये! आयफेलवालीला म्हणून सां लोराँचा १९६६ चा ‘स्मोकिंग’ द्या. बाईसाठी शिवलेला पुरुषी डिनर सूट. कोट भावाचा किंवा भाड्याचा, तुम्ही फक्त काळी पॅन्ट शिवा आणि बाजूच्या शिवणीवर काळ्या सॅटिनची पट्टी लावा. घोडबंदरकरांची ९८ ची गोष्ट तिच्या निवेदनात घालता येईल.

अड्ड्यावरचा:

ताई, आरीकाम देशी दिसेल का विचारता! मी ऐरोलीचा. बरीच वर्षं एका एक्स्पोर्ट युनिटला सॅम्पलिंग बघायचो, नाव सांगत नाही, कारण तेही आमचं नाव कधी कुठे सांगत नव्हते. पॅरिसहून कागदावर चित्र यायचं, आमचे लोक वीतभर नमुना करून कुरिअरने पाठवायचे, दहातला एक पास व्हायचा. तोच रॅम्पवर दिसला की चहाच्या टपरीवर मोबाइल फिरायचा, “ये अपना है.”

आता हळूहळू बोललं जातं. ३० मार्च २०२३ ला डिओरने गेटवे ऑफ इंडियापुढे शो केला, कमानीत भलंमोठं भरतकामाचं तोरण होतं. ते मुंबईच्याच चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टच्या बायकांनी केलेलं, आणि हे डिओरने उघड सांगितलं. २०२० पासून आपला डिझायनर राहुल मिश्रा पॅरिसच्या ओत कुत्यूर आठवड्यात कपडे दाखवतो, तिथे आपल्या कारागिरांचंच काम असतं.

पॅरिसला भरतकामाची जुनी पेढी म्हणजे लसाज, १९२४ ची, २००२ मध्ये शानेलने घेतली. तिथे ज्या आकड्याने काम करतात तो ल्यूनेव्हिल या फ्रेंच गावचा. साखळी टाकाच आहे, काम आरीचंच. फरक बसण्यात आहे. ते कापड उलटं ताणतात, मणी आणि टिकल्या ओवलेला दोरा खालून धरतात. म्हणजे करणाऱ्याला वरून फक्त टाका दिसतो, मणी बोटाला कळतो. आपले चाचा सुलट बाजूने बघून करतात. त्यांना एक पट्टी उलटी करायला सांगा, आधी शिव्या देतील, मग सोडणार नाहीत. मलमलवर खाका छापताना रॉकेलमध्ये नीळ कमी घाला, पांढऱ्यावर डाग बसला तर जात नाही.

काय भरायचं? म्युगे. इवल्या पांढऱ्या घंटांसारखी फुलं असतात. १ मेला फ्रान्सभर एकमेकांना देतात, त्या दिवशी फूटपाथवर कोणीही विनापरवाना विकू शकतं. आपण इकडे महाराष्ट्र दिनाचा झेंडा लावत असतो. शिवणाऱ्या मुलींना मालकाने १ मेला म्युगे द्यायची रीत पॅरिसच्या दुकानांत जुनी. ख्रिस्तियान डिओर तर त्या फुलाच्या बाबतीत अंधश्रद्धाळू, शुभशकुन म्हणून कपड्याच्या मुडपीत आतून त्याची काडी शिवून टाकायचा. राणीच्या झग्याच्या आतल्या मुडपीला पांढऱ्या मोत्याची दोन फुलं भरा, बाहेरून कुणाला दिसणार नाहीत. चाचांचे दोन तास.

आगाऊ_कार्टं:

दिसणारच नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक देईल? ठाण्यात?

अड्ड्यावरचा:

निवेदिका सांगेल ना. आई स्वतः स्टेजवर जाऊन मुडप उलटून बघेल.

आणि फ्रान्सचे उत्सव म्हणजे फक्त १४ जुलै नाही. आमच्या युनिटला आलेल्या एका फ्रेंच बाईने सांगितलेलं, २५ नोव्हेंबरला सेंट कॅथरीनचा दिवस. शिवणकामाच्या दुकानांत ज्या मुली पंचविशीच्या आणि बिनलग्नाच्या, त्यांच्यासाठी मैत्रिणी हिरव्या-पिवळ्या रंगाची वाटेल तसली टोपी करतात. मोठ्या घराण्यांत अजून करतात. जिथे वर्षभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घ्यायची, तिथे एक दिवस यांच्या डोक्याचा. टोपीवालीला ही द्या, पाव वाचतील.

घोडबंदरकर:

नोव्हेंबरची टोपी जुलैत कशी चालेल? तिकडचा कोणी पाहुणा आला तर हसेल. टोपीवालीला नाविकाचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा द्या. १८५८ च्या हुकमाने नौदलाच्या गणवेशात आला, अंगावर २१ पांढरे पट्टे, निळ्यापेक्षा दुप्पट रुंद. पुढे शानेलने आणि नंतर जाँ-पॉल गोतिएने फॅशनमध्ये नेला. तिरपी टोपी त्यावर शोभते आणि होजिअरीत तयार मिळतो, शिवायलाही नको.

अड्ड्यावरचा:

हे बरोबर, टोपी मागे घेतो. एक मात्र सांगायचं राहिलं, ते १४ जुलैच्याच रस्त्यावरचं आहे. मे १९१७, महायुद्ध चालू, महागाई. शाँझेलिझेवरच्या एका बड्या दुकानातल्या शिवणाऱ्या मुली काम टाकून बाहेर पडल्या. मागणी अशी की शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, पगार न कापता, आणि रोज एक फ्रँक महागाई भत्ता. बघता बघता हजारो मुली रस्त्यावर, टोप्या घालून, गाणी म्हणत. जूनमध्ये कायदाच झाला, कपडे शिवणाऱ्या बायकांना शनिवार अर्धा. बाकी कामगारांच्या आधी यांनी मिळवला.

काजबटण:

हा धागा मी दुकानात मोठ्याने वाचत होते. शनिवारचं ऐकून मशीनवरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मी पुढचं मनात वाचलं. संध्याकाळी त्यांनी विचारलंच. जुलैत काम कमी आहे, तर या महिन्यापुरतं दुपारी तीनला सोडते म्हटलंय. गणपतीत काय करायचं ते तेव्हा बघू.

ठरलं ते असं. एक तिरंगी घोळ, घोट्यापर्यंत. एक मलमलची राणी, आत म्युगे. चाचा उलटं कापड बघून म्हणाले “ये कौन सा पागलपन है” आणि पट्टी घेऊन पोटमाळ्यावर गेले. एक स्मोकिंगची पॅन्ट, कोट मुलीच्या काकांचा, खांदे आत घ्यावे लागतील. एक नाविक. राणीवालीच्या आईला हिशेब लिहून दिला, त्यात भरतकामाची मजुरी वेगळी दाखवली. बाईने दोनदा वाचलं, पण हो म्हणाली.

निवेदनाचा मसुदा टाकते, चुका काढा. “हा ओत कुत्यूर गाऊन १९८९ च्या द्विशताब्दी सोहळ्यातील अझ्झेदिन अलाया यांच्या पोशाखावर आधारित असून भरतकाम व शिवण नौपाडा येथे झाले आहे.”

खारघर_मास्तरीण:

‘ओत कुत्यूर’ काढा, ते नाव आपल्याला लावता येत नाही. ‘मापाने शिवलेला’ म्हणा. त्यावर भरतकाम नाही, ते राणीच्या झग्यावर आहे, तेव्हा ते वाक्य तिकडे हलवा आणि चाचांचं नाव त्यांना विचारून घाला. ‘आधारित असून’सुद्धा काढा, निवेदिका अडखळेल.

आणि लाल जॉर्जेट आणलंत की पांढऱ्याला जोडायच्या आधी त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. पॉलिएस्टर म्हणून दिलेल्या कापडात कधीकधी भेसळ निघते, आणि १४ जुलैला पाऊस असणारच. रंग सुटला तर त्याच दिवशी दुकानात परत करा, ताग्यातून कापलेलं चार दिवसांनी कोणी परत घेत नाही.